तिपाईवाल्यांचा इतिहास

६ फेब्रुवारी

इतके महिने इकडे फिरकले नाही, त्याबद्दल माफ कर. वहीची माफी मागणं बावळटपणाचं आहे हे कळतं, पण न मागता सुरुवात करणंही बरं दिसत नाही. वसतिगृहावर जाताना लेक ही वही देऊन गेली. ‘आई, आता तुला वेळच वेळ मिळेल, लिहीत जा,’ म्हणाली. वेळ मिळाला खरा. इतका मिळाला की त्यात लिहिण्यासारखं काही घडेना. नवरा सकाळी कामावर जातो, मी टेबलाशी बसून छापखान्याची मुद्रितं तपासते. संध्याकाळी तो विचारतो, ‘काय विशेष?’ मी सांगते, ‘एका लेखकाने त्याच म्हाताऱ्याला दोन प्रकरणांत दोनदा मारलंय.’ तो हसतो आणि आम्ही जेवायला बसतो.

आज विशेष आहे. नवऱ्याच्या आत्या आल्या होत्या. ऐंशीच्या घरात आहेत, पण जिना चढून आल्यावर त्यांच्यापेक्षा मलाच दम लागल्यासारखं झालं. गळ्यात नेहमीप्रमाणे शिवणाची टेप. गावातल्या मोठ्या दवाखान्यात स्वयंसेविकांचं जे मंडळ आहे, त्यात त्या पहिल्या वर्षापासून आहेत. मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतात. त्याची पुस्तिका काढायची म्हणतात.

"तू इतिहास शिकलीस ना?"

"शिकले, पण तो राजेराजवाड्यांचा. लढायांचा."

"मग आम्ही काय कमी भांडलोय?"

मी हो म्हटलं, पण अट घातली. मी फक्त लिहीन. रुग्णसेवा वगैरे माझ्याच्याने होणार नाही. दवाखान्याचा वास आला की मी दारातूनच परत फिरते, आणि आजारी माणसाशी काय बोलावं हे मला जन्मात सुचलेलं नाही.

"बरं बाई, फक्त लिही," आत्या म्हणाल्या. इतक्या पटकन त्या आजवर कुणाचं काही ऐकल्याचं आठवत नाही.

१० फेब्रुवारी

मंडळाची खोली जिन्याखाली आहे. एक कपाट, जुन्या मासिकांची चळत, आत्यांनी शिवलेल्या कापडी पिशव्या, आणि भिंतीला खुंट्यांवर टांगलेल्या लाकडी तिपाया. यांचं कागदोपत्री नाव ‘रुग्णमित्र मंडळ’ आहे, पण दवाखान्यात कुणालाही विचारा, ‘तिपाईवाल्या’ म्हणतात. कारण यांची कामाची पद्धत एवढीच: आपली तिपाई घ्यायची, वॉर्डात जायचं, खाटेशेजारी टेकायची आणि बसायचं. कुणाला पेपर वाचून दाखवायचा, कुणाची नखं कापायची, कुणाच्या सुनेबद्दल ऐकून घ्यायचं आणि मत द्यायचं नाही.

"उभं राहून बोलायचं नाही, हा पहिला नियम," ड्रॉइंगबाई म्हणाल्या. या शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त. प्रत्येक तिपाईच्या खाली त्यांनी मालकिणीची खूण रंगवली आहे. आत्यांच्या तिपाईखाली कात्री आहे, स्वतःच्या तिपाईखाली झोपलेलं मांजर. तिपाया सगळ्या कमीजास्त उंचीच्या आहेत. मला वाटलं, सुताराचं गणित कच्चं असेल. तसं नाही. प्रत्येक तिपाई जिची तिच्या मापाची असते. (माप कसं घेतात ते विचारायचं राहिलं. पुढच्या खेपेला विचारणे.)

पाहुण्यांसाठी एक जास्तीची तिपाई आहे, तिच्याखाली खूण नाही. ती मला दिली. इतकी बुटकी की बसल्यावर माझे गुडघे हनुवटीला लागले. ड्रॉइंगबाई बघून हसू दाबत होत्या. आत्या हसल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या.

१३ फेब्रुवारी

तिपाई आली कुठून, हा माझ्या पहिल्या प्रकरणाचा विषय. एका प्रश्नाला तीन उत्तरं मिळाली.

आत्या: पहिल्या अध्यक्षबाई अंगाने भरभक्कम होत्या आणि त्यांचे गुडघे गेले होते. त्यांना उभं राहवेना, म्हणून त्यांनी घरून तिपाई आणली. त्या बसल्या म्हणून बाकीच्याही बसल्या.

ड्रॉइंगबाई: छे छे! खाटेवर पडलेल्या माणसाला दिवसभर लोकांच्या फक्त हनुवट्या आणि नाकपुड्या दिसतात. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं, हा त्यामागचा विचार.

मोठ्या सिस्टर (सर्वांत मोठ्या, बायका-पुरुष दोघांच्या वॉर्डाच्या प्रमुख, सगळे त्यांना असंच म्हणतात): "विचार कसला आलाय. जुन्या मेट्रन खाटेवर कुणाला टेकू द्यायच्या नाहीत, आणि खुर्च्या नव्हत्या. आता त्या तिपाया माझ्या पायात येतात ते वेगळंच. हेही लिहा."

लिहिलं. पण खरं काय? आत्या तेव्हा स्वतः हजर होत्या, म्हणून त्यांची साक्ष वजनदार. मात्र पन्नासाव्या वर्षाच्या पुस्तिकेत पहिल्या अध्यक्षबाईंचे गुडघे आणायचे का? आणि न आणावेत असं वाटतं, ते सभ्यपणामुळे की ड्रॉइंगबाईंचं उत्तर छापायला छान दिसेल म्हणून? ठरवता येत नाही.

१९ फेब्रुवारी

आज वेगळंच झालं. मोठ्या सिस्टरांना एक तारीख विचारायला वॉर्डात गेले होते. त्या कामात होत्या, म्हणून बुटकी तिपाई घेऊन कोपऱ्यात थांबले. शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला वर चढले आणि पडले, खुब्याचं हाड मोडलं. साखर उतरली की ऑपरेशन.

"तुम्ही तिपाईवाल्या का?"

"नाही हो. मी त्यांचा इतिहास लिहितेय."

"मग माझाही लिहा. जवळ या, ओरडून इतिहास सांगता येत नाही."

मी तिपाई सरकवली. ते बोलत राहिले: बंद पडलेली घड्याळं लोक कशी आणतात, जणू आजारी मूल आणलंय, न्यायला मात्र वर्षवर्ष येत नाहीत. मध्येच थांबून भिंतीकडे बोट करून म्हणाले, "हे घड्याळ मागे चालतं. म्हणून गोळ्या उशिरा मिळतात. मोठ्या सिस्टरांना सांगितलं, तर रागावल्या." मला काही सुचत नव्हतं, त्यामुळे मी काही बोललेच नाही, आणि त्यांना त्याची गरज भासली नाही. उठले तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या आणि तारीख विचारायची राहून गेली. वासाचं काय झालं, ते घरी आल्यावर आठवलं.

हा भाग पुस्तिकेत बसणार नाही. तरी त्यांची साक्ष अर्धवट राहिली आहे, ती पुरी केली पाहिजे. उद्या जाईन.

आणखी एक. निघताना आत्यांनी अडवलं. "चप्पल काढ. पाय सरळ खाली टेकव." गुडघ्यापासून जमिनीपर्यंत टेप लावली. "आमच्या घराण्यात एवढी लांब तंगडी कुणाची नाही." कशाला म्हटलं, तर म्हणाल्या, "सहज." मला वाटतं, घरात घालायला पायजमा शिवणार आहेत. मी पायजमा घालत नाही. पण या वयात त्यांनी हौसेने शिवला, तर नाही कसं म्हणू?

२३ फेब्रुवारी

नवऱ्याला म्हटलं, तूच सांग आत्यांना पायजम्याचं. तो म्हणाला, "मी लहान असताना मला शाळेच्या नाटकात परीचा झगा शिवला होता तिने. मी घातला. तूही घाल."

घड्याळवाल्या आजोबांची साक्ष अजून संपत नाही. आज त्यांच्या पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनीही त्यांचा इतिहास सांगायला घेतला. आता काय करावं?

२६ फेब्रुवारी

फार वाईट झालं, आणि माझ्यामुळे झालं.

आजोबांकडून निघाले. ते बोललेलं एक वाक्य विसरायच्या आत टिपून घ्यावं म्हणून वॉर्डाच्या दाराशी तिपाई ठेवली, भिंतीला टेकून लिहिलं, आणि लिहीतच पुढे गेले. तिपाई तिथेच. ऑपरेशन होऊन एका बाईंना स्ट्रेचरवरून आणत होते. चाक तिपाईत अडकलं, स्ट्रेचर आडवं झालं, सलाइनची बाटली झोके खायला लागली. बाईंना लागलं नाही, पण घाबरून त्या ओरडल्या. सगळा वॉर्ड उठून बसला.

मोठ्या सिस्टरांनी तिपाई उचलून उलटी केली. खूण नाही. "कुणाची आहे ही?"

मी म्हटलं, "माझी."

दवाखान्याचे अधीक्षक नवीन आहेत, नीटनेटके, आवाज न चढवणारे. तासाभरात त्यांचा आदेश आला: यापुढे वॉर्डात लाकडी तिपाया आणू नयेत. स्वयंसेविकांनी उभ्यानेच विचारपूस करावी आणि थोडक्यात आटपावं. मोठ्या सिस्टरांनी ती तिपाई जप्त करून आपल्या टेबलाखाली टाकली.

मी अधीक्षकांना जाऊन भेटले. म्हटलं, "चूक माझ्या एकटीची आहे, मी मंडळाची सभासदसुद्धा नाही. त्यांना कशाला शिक्षा?"

"बाई, मी शिक्षा देत नाहीये. अडथळा दूर करतोय." स्ट्रेचर अडकलं होतं, ही गोष्ट खरीच होती.

खोलीत परत आले तेव्हा तोंड दाखवायची लाज वाटत होती. ड्रॉइंगबाई म्हणाल्या, "मी माझी एकदा लिफ्टमध्ये विसरले होते. दिवसभर वरखाली करत होती." आत्या म्हणाल्या, "मी तर न्हाणीघरात. प्रत्येकीची एकदा विसरते. झालं तुझं." मला धीर द्यायला हे बोलल्या असणार. मी रागावून घ्यायची तयारी करून आले होते, त्यामुळे आणखीच ओशाळले.

मग आत्यांनी कात्रीची खूण असलेली तिपाई खुंटीवर अडकवली, हात पुसले आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "उभ्याने जमणार नाही गं मला. आता घरीच बसते."

१ मार्च

आत्यांकडे जाऊन आले. गळ्यात टेप आहे, मशीनवर झाकण आहे. मी विचारलं, पिशव्या शिवायच्या नाहीत का? तर म्हणाल्या, "कुणाला देऊ?" ड्रॉइंगबाईंची पाठ धरते, त्याही फार दिवस उभ्या राहू शकणार नाहीत. बाकीच्या दोघीतिघी याच वयाच्या. तिपाया परत आल्या नाहीत, तर मंडळ आपसूक बंद पडेल, आणि मी ज्याचा इतिहास लिहायला घेतला त्याचा शेवटही मलाच लिहावा लागेल. तो मीच घडवला, हे मात्र कुठल्या प्रकरणात घालू?

तोवर आत्यांच्या वाटणीच्या खाटा कुणीतरी बघायला हव्यात. उद्यापासून मी जाईन. लिहिण्याच्या कामाला ते आडवं येत नाही.

२ मार्च

गेले. उभी राहिले. हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून पिशवी छातीशी धरली. आजोबांच्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहून विचारलं, "कसे आहात?"

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "का? काय झालं?"

"काही नाही. सहज आले."

"बसत का नाही?"

"आता तसा नियम झालाय. लगेच निघायचंय."

"असं," म्हणाले आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. घड्याळाबद्दल एक शब्द नाही. ऑपरेशन जवळ आलंय, त्याची धास्ती असेल. आग्रह केला नाही.

३ मार्च

धास्ती ऑपरेशनची नव्हती!

काल रात्री आजोबा जेवले नाहीत. मुलाला बोलावून घेतलं, दुकानाच्या किल्ल्या दिल्या, कुठल्या गिऱ्हाइकाचं घड्याळ कुठल्या खणात आहे ते सांगितलं आणि म्हणाले, "रोज तास तास बसणारी बाई आज उभ्याउभ्या निघून गेली. मला कळायचं ते कळलं." मुलगा रडकुंडीला येऊन मोठ्या सिस्टरांकडे. त्या आजोबांना समजावत होत्या, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, "माझ्याजवळही उभीच होती. माझे रिपोर्ट आले का हो?" आणि ड्रॉइंगबाई सकाळी ज्या चौघांपाशी उभ्या राहिल्या होत्या, त्या चौघांनीही नातेवाइकांना फोन लावले होते.

मी पोचले तेव्हा मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून अधीक्षकांसमोर उभ्या होत्या.

"साहेब, या बायकांना आधी बसवा."

"तुमचीच तक्रार होती ना, पायात येतात म्हणून?"

"येतात. अजूनही येतील. पण डॉक्टर उभे राहतात, आम्ही उभ्या राहतो, ते सवयीचं आहे. ही मंडळी उभी राहिली की पेशंटना वाटतं, आता काही खरं नाही. सकाळपासून मी सगळ्यांना तुम्ही मरत नाही, मरत नाही सांगत फिरतेय. औषधं कधी देऊ?"

अधीक्षक म्हणाले, "मी स्वतः बोलतो." ते आजोबांच्या खाटेपाशी गेले, पायथ्याशी ताठ उभे राहिले आणि अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाले, "आजोबा, तुमची प्रकृती उत्तम आहे."

आजोबांनी मुलाचा हात घट्ट धरला. "आता मोठ्या साहेबांना पाठवलंय सांगायला."

मोठ्या सिस्टरांनी टेबलाखालून ती बुटकी तिपाई काढली आणि अधीक्षकांच्या मागे टेकवली. ते बसले. उंच माणूस, गुडघे माझ्यासारखेच हनुवटीशी. सगळ्यांना ते दिसत होतं आणि कुणी हसायची हिंमत करत नव्हतं. आजोबांनी मान वळवली. आता दोघांचे डोळे समोरासमोर आले.

"हां," आजोबा म्हणाले, "आता सांगा."

काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळाने आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि अधीक्षकांनी आपल्या मनगटावरचं बघून मान हलवली. मोठ्या सिस्टर छताकडे बघायला लागल्या.

५ मार्च

तिपाया परत! अधीक्षकांनी सगळ्यांना बोलावून अटी सांगितल्या. पायांना रबर बसवायचं. काम झालं की तिपाई खुंटीवर. आणि बेवारशी तिपाई चालणार नाही. जी वॉर्डात जाईल ती स्वतःची, स्वतःच्या खुणेची घेऊन जाईल. बुटकी तिपाई मोठ्या सिस्टरांनी ठेवून घेतली. टेबलाखाली पाय ठेवायला बरी पडते म्हणे.

आत्या आल्या होत्या. अधीक्षकांनी त्यांना विचारलं, "पण ही तिपायांची पद्धत पडली कशी?" मी वही सरसावली. आत्या म्हणाल्या, "हिला विचारा. हिच्याकडे तीन कारणं आहेत."

मी तिन्ही सांगितली, गुडघ्यांसकट. लपवायचं धाडस झालं नाही. ते हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चौथं परवाचं लिहा." माझी चूक आणि त्यांची बैठक दोन्ही छापायला त्यांची हरकत नाही, असा मी अर्थ घेतला. लेखी विचारलेलं बरं.

नंतर आत्यांना हळूच विचारलं, "खरं कारण कुठलं?"

"मला काय आठवतंय आता? ज्या बाईला जे पटलं ते तिने धरलं आणि बसली. तिन्ही छाप." इतिहासाचा अभ्यास केलेल्या माणसाला हे पटू नये. मला पटलं. याचा विचार करायला हवा.

९ मार्च

आजोबांचं ऑपरेशन छान झालं. मुलाने फोन करून सांगितलं, आणि विचारलं, "बाबा विचारतायत, तुम्ही कधी येणार? गिऱ्हाइकं घड्याळ सोडून जातात, तसं करू नका म्हणाले."

इथे माझी अडचण झाली. उभ्याने जाणं शक्य नाही, ते काय होतं ते पाहिलं आहे. बुटकी तिपाई गेली. बाकीच्या ज्यांच्या त्यांच्या. पुस्तिकेचं काम खरं तर संपलंय. मजकूर छापखान्यात गेला, मुद्रितंही मीच तपासणार. म्हणजे दवाखान्यात जायला मला काही कारणच उरलेलं नाही. सुटले, असं वाटायला हवं. दुपारभर टेबलाशी बसले आणि एकही पान तपासून झालं नाही. बहुधा हवा बदलतेय.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "काय विशेष?" आणि मी घड्याळवाल्या आजोबांचं, पलीकडच्या बाई ज्याच्याबद्दल सांगतात त्या त्यांच्या भावाचं, मोठ्या सिस्टरांच्या टेबलाचं सांगत राहिले. जेवण गार झालं. तो म्हणाला, "तू हे काम सोडणार आहेस ना?" मी म्हटलं, संपलंय म्हणून. तो म्हणाला, "हो का?" आणि गालातल्या गालात हसत ताटं उचलली. यात हसण्यासारखं काय होतं?

११ मार्च

सकाळी एका अनोळखी माणसाचा फोन. "बाई, तुमची तिपाई केव्हाची तयार आहे. नेता कधी? दुकानात जागा अडतेय."

"कुठली तिपाई? मी काही सांगितलं नव्हतं."

"मी सुतार बोलतोय. दवाखान्याच्या तिपाया मीच करतो, आधी माझे वडील करायचे. आत्याबाईंनी माप आणून दिलं होतं गेल्या महिन्यात. गुडघ्यापासून खाली. मी दोनदा विचारलं, मापात चूक नाही ना, एवढे उंच पाय? तर म्हणाल्या, पाय तिचेच आहेत, कर. नंतर म्हणाल्या, जरा थांब, बंदी आलीय. काल म्हणाल्या, बंदी उठली, रबर बसव आणि तिला फोन कर."

गेल्या महिन्यात. म्हणजे स्ट्रेचर अडकायच्या आधी. आजोबांची साक्ष संपायच्या आधी. मी सरळ आत्यांकडे गेले. मशीनचं झाकण उघडं होतं आणि पिशव्यांची चळत टेबलावर.

"आत्या, मग तो पायजमा?"

"कसला पायजमा?"

त्यांनी दोरा ओवायला सुई माझ्या हातात दिली, आता त्यांना बारीक दिसत नाही. मी ओवली.

"पण मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, फक्त लिहीन."

"मग लिही की. बसून लिही."

ड्रॉइंगबाईंचा निरोप आला होता, खूण काय काढू म्हणून. विचार करते म्हटलं. घड्याळ काढा म्हणावं का? ते आजोबांचं आहे, त्यांना विचारल्याशिवाय घेणं बरोबर नाही. भेटून विचारीन.

उद्या: सुताराकडून माझी तिपाई आणणे.